लेकरांची मूत्रपिंडे आणि किरणांचे भय

हैदराबाद शहरातील चिक्कडपल्ली हे नाव आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना परके वाटेल. ती वस्ती मात्र मराठी माणसाला परकी नाही. तिच्या एका अंगाला नारायणगुडा आणि तेथे केशवराव कोरटकरांच्या नावाने १९४० साली उभी राहिलेली केशव स्मारक शिक्षणसंस्था. दुसऱ्या अंगाला चित्रपटगृहांनी गजबजलेला आरटीसी चौरस्ता. मध्ये संगीताच्या मैफली झडणारी त्यागराय गानसभा आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी सकाळपासून तरुणांची रीघ लागणारे शहर मध्यवर्ती ग्रंथालय. काचिगुड्याचे रेल्वे स्थानक येथून फार दूर नाही आणि नांदेडकडून येणारा उतारू तेथेच उतरतो. निजामी अमदानीत मराठवाडा हैदराबादशी बांधलेला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य खालसा झाले, १९५६ साली मराठवाडा त्या राज्यातून निघाला. परंतु दुखणाइताची वाट काही बदलली नाही. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले की मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे आजही हैदराबादचीच गाडी पकडतात. आपल्याकडील माणूस बेळगावची किंवा मुंबईची पकडतो, तसेच हे.

काही महिन्यांपूर्वी एका कामानिमित्त हैदराबादला जाणे झाले तेव्हा चिक्कडपल्लीत एका जुन्या स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम होता. घरात चार वर्षांची नात. वर्षभरात तिला तीनदा सणकून ताप येऊन गेला होता. पहिल्या दोन वेळा 'साथीचा ताप' म्हणून औषध दिले गेले. तिसऱ्या वेळी एका तरुण डॉक्टरांना लघवी तपासण्याची बुद्धी झाली आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग उघडकीस आला. पुढे सोनोग्राफी झाली, तीत डावे मूत्रपिंड उजव्याहून किंचित लहान दिसले. मग डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. एकीत मूत्राशयात बारीक नळी घालून क्ष-किरणांखाली चित्रे घ्यावयाची होती, दुसरीत शिरेतून किरणोत्सारी द्रव्य टोचून मूत्रपिंडाचे छायाचित्र काढावयाचे होते. चिठ्ठी घरात आली आणि घराचे दोन तट पडले.

"भाऊ, चार वर्षांच्या पोरीच्या अंगात अणू सोडतेत म्हणे. खरंय का हो?" आजीबाईंनी आम्हांला पहिल्याच संध्याकाळी विचारले. मुलीचे वडील दुसऱ्या टोकाला होते. किरणांवाचून सारे दाखविणारे एमआरआय नावाचे यंत्र असते हे त्यांनी ऐकले होते. प्रसंगी दागिने गहाण टाकू पण तीच तपासणी करू, असा त्यांचा हट्ट होता. मुलीची आई कोणत्याच बाजूला नव्हती. "काय करायचं ते करा, पण करा एकदाचं," एवढेच तिचे म्हणणे. चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात तीन आठवडे पडून होती.

तो प्रश्न त्या एका घराचा नाही, आपल्या घराघरांतील आहे, म्हणूनच या स्तंभाचा विषय आहे. मुलांच्या शरीरात किरण घालावेत की न घालावेत, न घालता मूत्रपिंडाचे काम पाहता येते काय, येत असेल तर ते श्रीमंतांपुरतेच राहणार की गरिबाच्या लेकरालाही लाभणार, याचा विचार भयाने अथवा हौसेने न करता समजुतीने करावयास हवा.

प्रथम मूत्रपिंडाचे महत्त्व. मुठीएवढ्या या दोन अवयवांतून प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर पडते. बाकीचे सारे शरीर परत घेते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. यातली मर्माची गोष्ट अशी की, या गाळण्या मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात, जन्मानंतर नवी एकही होत नाही. जखम झालेली कातडी भरून येते, मोडलेले हाड सांधते. मूत्रपिंडात पडलेला व्रण मात्र कायमचा असतो. चार वर्षांच्या मुलीला त्या पुंजीवर पुढची सत्तर-ऐंशी वर्षे काढावयाची असतात. बालपणी पडलेल्या व्रणांचे परिणाम रक्तदाबाच्या, गर्भारपणातील गुंतागुंतीच्या किंवा मूत्रपिंड निकामी होण्याच्या रूपाने पुष्कळदा तारुण्यात प्रकटतात. तोपर्यंत त्या विसरलेल्या तापाची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

असे व्रण पडतात कशाने? मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे एक मोठे कारण. स्वीडनमधील एका पाहणीत वयाच्या सातव्या वर्षापर्यंत शंभर मुलींपैकी सुमारे ८ आणि शंभर मुलग्यांपैकी सुमारे २ जणांना असा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले होते. काही मुलांत मूत्राशयातील मूत्र खाली न जाता उलटे वर, मूत्रपिंडाकडे चढते; जंतूही त्याबरोबर चढतात. काहींत मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्याशी जन्मतःच अडथळा असतो. काही मुलग्यांत मूत्रमार्गातच पडद्यासारखी झडप असते, लघवीची धार थेंबाथेंबाने येते आणि आईबाप 'लहान आहे, होईल बरा' म्हणून स्वस्थ बसतात. गर्भारपणातील सोनोग्राफीत बाळाचे मूत्रपिंड फुगलेले दिसणे ही तर आता नित्याची गोष्ट झाली आहे. त्यांतील बहुसंख्य बाळांची सूज कालांतराने आपोआप उतरते. उरलेल्या थोड्यांना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. थोड्यांना पुष्कळांतून वेळेवर निवडून काढणे, हाच सारा खटाटोप.

ही निवड रक्त तपासून होत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. निसर्गाची व्यवस्था उदार आहे. एक मूत्रपिंड झिजू लागले की दुसरे त्याचा भार मुकाट्याने उचलते आणि रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा साजराच दिसतो. दोन भावांच्या सामाईक दुकानाचा गल्ला भरलेला असला म्हणजे दोघेही राबतात असे सिद्ध होत नाही, तसेच हे. डाव्याचा वाटा किती आणि उजव्याचा किती, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. सर्वसाधारणपणे प्रत्येकाचा वाटा शेकडा ४५ ते ५५ असतो. तो एका बाजूला घसरू लागला की डॉक्टर सावध होतात.

मूत्रपिंड पाहण्याची विद्या शंभर वर्षांहून फार जुनी नाही. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. १९२९ साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण डॉक्टराने शिरेतून देता येणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरून मूत्रमार्गाचे स्पष्ट चित्र मिळविले. पुढे अनेक दशके त्याच पद्धतीचे राज्य होते. त्यानंतर अणुवैद्यक आले. आपल्या देशात १९६३ साली मुंबईस अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले आणि या शाखेचा पाया घातला गेला. या पद्धतीत टेक्नेशियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य एखाद्या रसायनाला जोडून शिरेतून टोचतात. एक रसायन मूत्रपिंडाच्या जिवंत पेशींत जाऊन बसते. जेथे व्रण असेल तेथे ते बसत नाही आणि चित्रात खाच दिसते. दुसरे रसायन मूत्राबरोबर वाहत जाते. ते किती वेगाने बाहेर पडते यावरून अडथळ्याचा अंदाज बांधता येतो. टेक्नेशियमची शक्ती दर ६ तासांनी निम्मी होत जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिचा फारसा अंश उरत नाही. आजीबाईंचा 'अणू' तो हाच.

आता भयाचा विचार. ते निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी गर्भारपणी क्ष-किरण घेतलेल्या मातांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. कालांतराने त्यांचे म्हणणे मान्य झाले. २०१२ साली ब्रिटनमधील सुमारे पावणेदोन लाख व्यक्तींच्या नोंदींवरून, बालपणी वारंवार सीटी स्कॅन झालेल्यांत रक्ताच्या व मेंदूच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. लहान मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि किरणांचे परिणाम प्रकट होण्यास त्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य पडलेले असते. म्हणून मुलांच्या बाबतीत काळजी दुप्पट. २००८ साली अमेरिकेतील बालरोग व क्ष-किरणतज्ज्ञांनी मुलांना किरण जपून द्या, अशी मोहीमच हाती घेतली, ती याच कारणाने.

परंतु भयालाही माप असावे. त्याच २०१२ च्या अभ्यासाने सांगितले की, दहा वर्षांखालील दहा हजार मुलांचे डोक्याचे सीटी स्कॅन केले तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एखादा आणि मेंदूच्या गाठीचा एखादा रुग्ण वाढेल. आणि मूत्रपिंडाच्या अणुचित्राची मात्रा पोटाच्या सीटी स्कॅनहून कितीतरी कमी, साधारण एक मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहूनही अल्प असते. पृथ्वीच्या पाठीवर नुसते राहणाऱ्या माणसाला माती, खडक, हवा व आकाशातून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते. आपल्या किनारपट्टीलाच खाली केरळपर्यंत गेले तर करुनागपल्लीच्या परिसरात मोनाझाइटच्या वाळूमुळे ही नैसर्गिक मात्रा याहून पुष्कळ अधिक आहे. तेथे पिढ्यानपिढ्या माणसे नांदत आली आहेत आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात या कारणाने कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. याचा अर्थ किरण निरुपद्रवी आहेत असा नव्हे. अर्थ एवढाच की, आवश्यक अशा एका तपासणीच्या भयाने मूत्रपिंड गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

असे असताना किरणांवाचूनच्या तपासणीचा आग्रह का धरावा? उत्तर सोपे आहे. मुलाची तपासणी एकदाच होत नाही. जन्मापूर्वी दोष दिसलेल्या बाळाला पहिल्या काही वर्षांत, शस्त्रक्रियेपूर्वी, तिच्यानंतर आणि पुढेही तपासावे लागते. थेंबे थेंबे तळे साचते. जेथे किरणांवाचून तेच उत्तर मिळते, तेथे किरण देण्याचे समर्थन करता येत नाही.

या मार्गावरचे पहिले आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे साधी सोनोग्राफी. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आत डोकावण्याची पद्धत वैद्यकजगापुढे ठेवली. मूत्रपिंडाचा आकार, सूज, खडा, मूत्राशयाची भिंत, लघवी केल्यावर शिल्लक राहणारे मूत्र हे सारे तीत दिसते. टोचावे लागत नाही, भूल लागत नाही. तिची मर्यादा एकच, ती रूप दाखविते, काम दाखवीत नाही. फुगलेले मूत्रपिंड उत्तम काम करीत असू शकते आणि नीटनेटके दिसणारे हळूहळू मिटत असू शकते.

सोनोग्राफीचाच एक नवा विस्तार म्हणजे बुडबुड्यांची तपासणी. मूत्र उलटे चढते काय हे पाहण्यासाठी क्ष-किरणांऐवजी मूत्राशयात अतिसूक्ष्म वायुबुडबुडे असलेला द्रव सोडतात आणि ते वर चढतात का ते सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये मुलांसाठी या वापरास मान्यता दिली. यात किरण सर्वस्वी टळतात. मात्र मूत्राशयात घालावयाची नळी टळत नाही. मुलीच्या दृष्टीने खरे भय त्या नळीचे असते, किरणांचे नव्हे, हेही मोठ्यांनी विसरू नये.

तिसरे साधन चुंबकीय अनुनादाचे, म्हणजे एमआरआयचे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली तिच्या चित्राची कल्पना मांडली. २००३ साली त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांच्या मूत्रमार्गासाठी या पद्धतीला घडविण्याचे मोठे काम अमेरिकेत अटलांटा आणि पुढे फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयांत झाले. मुलाला आधी शिरेतून द्रव आणि लघवी वाढविणारे औषध देतात. नंतर गॅडोलिनियम नावाचे द्रव्य टोचतात. ते मूत्रपिंडातून गाळले जात असताना दर काही सेकंदांनी चित्र घेतले जाते. चित्रे ओळीने लावली की रक्त केव्हा आत आले, गाळले केव्हा गेले, मूत्रवाहिनीत केव्हा उतरले याचा आलेख मिळतो आणि डाव्या-उजव्याचा वाटा मोजता येतो. एकाच बैठकीत रचनाही दिसते आणि कामही दिसते. दुहेरी मूत्रवाहिनी, वेड्यावाकड्या जागी उघडणारी नळी, अशा गुंतागुंतीच्या दोषांत तर या तपासणीला तोड नाही. त्या मुलीच्या वडिलांचा हट्ट सर्वस्वी खुळा नव्हता.

तथापि त्यांना न सांगितलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, या यंत्रात अर्धापाऊण तास निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्राचा खडखडाट प्रौढालाही धडकी भरविणारा असतो. तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून झोपेत ठेवता येते. सात-आठ वर्षांच्या समजूतदार मुलाला गोष्टी सांगून तयार करता येते. मधल्या वयाच्या मुलांना बहुधा गुंगी किंवा भूल द्यावी लागते. आणि भूल म्हटली की भूलतज्ज्ञ हवा, देखरेख हवी, प्राणवायूची सिद्धता हवी.

येथे हैदराबादचाच इतिहास आठवतो. क्लोरोफॉर्मने मृत्यू का येतात याचा छडा लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली याच शहरात डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने दोन आयोग बसले होते. त्या काळात तेथे शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. भूल देताना श्वासावर नजर ठेवा, असे त्या आयोगाने बजावले, ते योग्यच होते. क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होत नाही, असा त्याचा दुसरा निष्कर्ष मात्र पुढे चुकीचा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हृदयच कसे बिघडते ते दाखवून दिले. ज्याला आपण आज निर्धोक म्हणतो त्याकडे उद्याच्या डोळ्यांनीही पाहावे, हा या जुन्या कथेचा बोध आहे.

तो बोध दुसऱ्या गोष्टीला तंतोतंत लागू पडतो. गॅडोलिनियमही अनेक वर्षे निर्धोक मानले जात होते. २००६ साली लक्षात आले की, मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेल्या रुग्णांत ते शरीरात अडकून राहून कातडी व अंतर्गत अवयव कठीण करणारा भयंकर विकार उत्पन्न करू शकते. २०१४ नंतर मेंदूत त्याचे अंश राहतात असेही दिसून आले, जरी त्यापासून प्रत्यक्ष अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यानंतर अधिक स्थिर रचनेची द्रव्ये वापरात आली आणि धोका पुष्कळच घटला. तरीही ज्याचे मूत्रपिंड फार खालावले आहे त्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना दहा वेळा विचार करावा लागतो. म्हणजे ज्या मुलाला ही तपासणी सर्वांत निकडीची, त्याच्याच बाबतीत हात आखडावा लागतो. यावर तोड म्हणून कोणतेही द्रव्य न टोचता, वाहत्या रक्तातील पाण्यालाच चुंबकाने खूण करून त्याचा प्रवाह मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते अद्याप मुख्यत्वे संशोधनाच्या दालनात आहेत. उद्याची आशा तेथे आहे.

किरणांवाचूनच्या पद्धतींचा आग्रह धरण्यास आणखी एक व्यावहारिक कारण आहे. टेक्नेशियम ज्या मोलिब्डेनमपासून मिळते ते अणुभट्टीत तयार होते आणि दर ६६ तासांनी निम्मे होते. साठवून ठेवता येत नाही. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी वर्षाहून अधिक काळ बंद पडली, तेव्हा जगभरच्या रुग्णालयांत या द्रव्याचा तुटवडा पडला. एका भट्टीच्या भिंतीला गळती लागावी आणि हजारो मैलांवरच्या मुलाची तपासणी लांबणीवर पडावी, हे परावलंबन बरे नव्हे. एमआरआय यंत्रांच्या बाबतीतही आपण आयातीवरच अवलंबून आलो. २०२३ साली बंगळूरच्या एका कंपनीने देशी बनावटीचे दीड टेस्ला क्षमतेचे यंत्र सिद्ध केले, ही त्यामुळेच केवळ अभिमानाची नव्हे तर उपयोगाची बातमी आहे. यंत्र स्वस्त झाले तरच ते जिल्ह्याच्या गावी पोहोचेल.

आता आपल्या दाराशी येऊ. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिचा वारसा आज बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय चालवीत आहे. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. काणकोणच्या मूत्रपिंडविकाराची चर्चा आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आली आहे आणि डायलिसिसची केंद्रे वाढविण्याच्या घोषणाही होतात. त्या हव्यातच. परंतु डायलिसिस हा प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे. पहिल्या मुक्कामावर, म्हणजे दोन वर्षांच्या तापलेल्या मुलावर, आपण किती लक्ष देतो? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून देशभर सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम मुलांना जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासतो. चांगला उपक्रम आहे. पण त्याच्या यादीतील ९ जन्मजात व्यंगांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हृदयविकार आहे. मूत्रपिंडाचे व्यंग नाही. जे डोळ्यांना दिसते त्याचीच गणना व्हावी, हे आपल्या सार्वजनिक आरोग्याचे जुने दुखणे आहे.

म्हणून काही गोष्टी आम्ही स्पष्टपणे मागतो. कारण न सापडणाऱ्या प्रत्येक तापात लहान मुलाची लघवी तपासली जावी. या तपासणीला ना किरण लागतात ना लाखो रुपये, आणि पुष्कळ मूत्रपिंडे तेवढ्यानेच वाचतील. मुलांची सोनोग्राफी जाणकारीने करणारा माणूस तालुक्याच्या रुग्णालयात असावा. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी झालीच पाहिजे, पण तिच्या धाकाने बालरुग्णांची यंत्रे कुलपात पडू नयेत. गर्भारपणात बाळाच्या मूत्रपिंडास सूज दिसली तर ती नोंद प्रसूतीच्या कागदांबरोबर हरवू न देता बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत उतरावी. त्याच पुस्तिकेत मुलाला मिळालेल्या प्रत्येक क्ष-किरण, सीटी आणि अणुतपासणीची तारीखवार नोंद असावी, म्हणजे रुग्णालय बदलले की तीच तपासणी पुन्हा करण्याचा प्रकार थांबेल.

आणि एमआरआयविषयी. यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापणे सोपे असते. बालभूलतज्ज्ञ, ती चित्रे वाचणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि आठवड्यातून एक दिवस केवळ मुलांसाठी राखलेला वेळ, यांवाचून ते यंत्र प्रौढांची गुडघेदुखी पाहण्यातच गुंतून राहील. राज्याच्या मुख्य सरकारी रुग्णालयात ही सारी व्यवस्था एकत्र असली पाहिजे आणि तिचा खर्च सरकारी योजनेत पूर्णपणे धरला गेला पाहिजे. १९५३ साली हैदराबादेत उघडलेले निलोफर रुग्णालय एका दासीच्या बाळंतपणातील मृत्यूने व्यथित झालेल्या राजस्नुषेच्या कळवळ्यातून उभे राहिले, असे तेथे सांगतात. आता राजे गेले, राजस्नुषा गेल्या. लोकशाहीत तो कळवळा अंदाजपत्रकात दिसावा लागतो.

डॉक्टरमंडळींकडेही एक विनंती आहे. चिठ्ठी लिहिण्यास अर्धे मिनिट लागते, ती समजावून सांगण्यास दहा मिनिटे. ती दहा मिनिटे दिली असती तर चिक्कडपल्लीच्या त्या घरात तीन आठवडे वाया गेले नसते. आईबापांनीही चार प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत: या तपासणीने उपचारात फरक पडणार आहे काय, किरणांवाचून तेच समजेल काय, आधी कोठे केलेली तपासणी पुरेशी आहे काय, आणि थांबलो तर काय बिघडेल. यांतला शेवटचा प्रश्न बहुतेकजण विचारीत नाहीत आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही तेथे असतानाच घरची मंडळी एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा गेली. त्यांनी आजीबाईंना समोर बसवून घेतले, उष्ण भांड्याचा चटका आणि उन्हाची ऊब यांतला फरक सांगावा तशा सोप्या शब्दांत मात्रेचा हिशेब सांगितला. नळीची तपासणी तूर्त पुढे ढकलता येईल, व्रण आहे की नाही हे मात्र पाहिलेच पाहिजे, आणि त्यासाठी एमआरआयकरता भूल देण्यापेक्षा किरणांची ती अल्प मात्रा या मुलीच्या बाबतीत अधिक सोयीची, असा त्यांनी कौल दिला. तपासणी झाली. मुलगी आजीच्या मांडीवर बसून परतली. डाव्या मूत्रपिंडावर दोन ठिकाणी व्रण निघाले. त्याचा वाटा शेकडा ३६ भरला. औषध सुरू झाले, बद्धकोष्ठावर इलाज झाला, वेळेवर लघवीला जाण्याची सवय लावण्यात आली. यापुढची देखरेख शक्य तेथवर सोनोग्राफीने, आणि मुलगी थोडी मोठी होऊन निश्चल पडू शकली की गरजेप्रमाणे एमआरआयने करण्याचे ठरले. वडिलांचा हट्ट असा थोडा पुढे ढकलला गेला आणि आजीबाईंचे भय थोडे मागे सरले.

निघताना त्या आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, पहिल्याच तापाला कुणी सांगितलं असतं तर?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पडलेले व्रण कोणत्याही यंत्राने पुसले जात नाहीत. किरणांवाचून पाहण्याची विद्या जरूर आणावी, तिच्यासाठी पैसा घालावा, माणसे घडवावीत. पण पाहण्याचे साधन किती उत्तम आहे याहून, आपण पाहतो केव्हा, यावर लेकरांची मूत्रपिंडे अधिक अवलंबून आहेत. पुढच्या खेपेस घरातील मूल कारण न कळता तापले, तर डॉक्टरांना एकच वाक्य म्हणा: लघवी तपासून पाहू या. त्याला ना अणू लागतो, ना चुंबक.